पालथा घडा रिकामा नसतो

एक काचेचा पेला घ्या. त्याच्या तळाशी वर्तमानपत्राच्या कागदाचा बोळा असा घट्ट बसवा, की पेला पालथा केला तरी तो खाली पडू नये. आता एका बादलीत पाणी भरून घ्या. पेला अगदी सरळ पालथा धरा आणि तिरका होऊ न देता पाण्यात पार तळापर्यंत दाबा. थोडा वेळ थांबा, तसाच सरळ वर काढा, हात पुसा आणि बोळा चाचपून पाहा. तो कोरडा निघेल.

प्रयोग सोपा आहे. तुमच्यापैकी पुष्कळांनी तो केलाही असेल. हवा जागा व्यापते हे त्यावरून सिद्ध होते, एवढे उत्तर परीक्षेला पुरते. आज मात्र हा प्रयोग मी वेगळ्याच कारणासाठी सांगत आहे. वर्गात एखाद्याला तीनतीनदा सांगूनही काही कळले नाही, की आपल्याकडे म्हणतात, "पालथ्या घड्यावर पाणी!" असे म्हणताना आपण धरून चालतो, की घडा आतून रिकामा आहे आणि केवळ उलटा ठेवल्यामुळे पाणी ओघळून जाते. आपला पेला तर चोहोंकडून पाण्यात बुडालेला होता. पाणी ओघळून जायला जागाच नव्हती. तरीही ते आत शिरले नाही. कारण पेला रिकामा नव्हताच. तो काठोकाठ हवेने भरलेला होता.

विद्यार्थी मित्रांनो, शिक्षकासमोर बसलेल्या मनाचेही असेच असते. ग्रहणशील मन म्हणजे कोरी पाटी, असे आपण सहज बोलून जातो. परंतु कोरी पाटी घेऊन वर्गात कोणीच येत नाही. चालताना, धावताना, चेंडू फेकताना, विहिरीतून पाणी शेंदताना आपण या जगाविषयी शेकडो समजुती आपल्या मनाशी बांधलेल्या असतात. त्या आपण कोणाला सांगत नाही. पुष्कळदा त्या आपल्याजवळ आहेत हे आपल्यालाही ठाऊक नसते. हवेचे तरी दुसरे काय होते? ती दिसत नाही, म्हणून तर पेला रिकामा वाटतो.

एक उदाहरण घेऊ. पुढे वाचण्यापूर्वी उत्तर वहीत लिहून टाका. मनातल्या मनात देऊ नका. चेंडू सरळ वर फेकला. तो हातातून सुटला आहे आणि अजून वर चालला आहे. हवेचा विरोध विचारात घेऊ नका. या क्षणी चेंडूवर कोणकोणती बले कार्य करीत आहेत? आणि अगदी माथ्यावर, जिथे त्याचा वेग क्षणभर शून्य होतो, तिथे कोणती?

अकरावीच्या वर्गात हा प्रश्न विचारला, की बहुतेक हात एकाच उत्तरासाठी वर होतात. वर जाताना दोन बले: एक हाताने दिलेले वरच्या दिशेचे आणि दुसरे गुरुत्वाकर्षणाचे. वरचे बल हळूहळू संपत जाते, माथ्यावर दोन्ही सारखी होतात म्हणून चेंडू थांबतो, आणि मग गुरुत्वाकर्षण जिंकते. हे उत्तर देणाऱ्यांनी न्यूटनचे तिन्ही नियम पाठ केलेले असतात, त्यांवरची उदाहरणे सोडवलेली असतात, आणि दहावीला त्यांना उत्तम गुणही मिळालेले असतात.

या उत्तराला हसू नका. सहाव्या शतकात अलेक्झांड्रियाचा फिलोपोनस आणि चौदाव्या शतकात पॅरिसचा बुरिडान हे विद्वान जवळजवळ असाच विचार करीत होते. फेकणारा हात वस्तूला काहीतरी 'देतो' आणि ते 'दिलेले' वस्तूला पुढे नेते, असे त्यांचे म्हणणे होते. ॲरिस्टॉटलच्या मताहून ते एक पाऊल पुढेच होते. तेव्हा अशी समजूत बाळगणारा विद्यार्थी मूर्ख नसतो. तो फक्त काही शतके मागे असतो, आणि त्याला पुढे आणणे हे शिक्षकाचे काम आहे.

पण आणणार कसे? शिक्षक फळ्यावर लिहितात, "चेंडू हातातून सुटल्यानंतर त्याच्यावर केवळ गुरुत्वाकर्षणाचे बल कार्य करते." विद्यार्थी ते वहीत उतरवून घेतो. वहीत न्यूटन असतो आणि मनात बुरिडान. दोघांची भेटच होत नाही! समजा, त्याच वेळी विद्यार्थ्याने स्वतःला विचारले, की हात तर खाली राहिला, मग चेंडूला वर ढकलणारे बल लावतो तरी कोण? बल म्हटले की ते लावणारी दुसरी वस्तू हवी. इथे पृथ्वीखेरीज दुसरी कोणतीच वस्तू नाही. शिवाय माथ्यावर दोन्ही बले खरोखरच सारखी झाली असती, तर तिथे वेगही शून्य आणि एकूण बलही शून्य. मग चेंडू तिथेच लटकून राहायला हवा होता. तो राहत नाही. म्हणजे वर जाताना, माथ्यावर आणि खाली येताना, तिन्ही वेळी बल तेच, दिशा तीच आणि प्रवेगही तोच, दर सेकंदाला ९.८ मीटर प्रतिसेकंद. बदलतो तो केवळ वेग. हे ज्याला असे आतून कळले त्याचा एक बुडबुडा बाहेर पडला.

आपल्या पेल्याकडे परत जा आणि यावेळी तो पाण्याखाली किंचित तिरका करा. भुडुक् असा आवाज होईल. हवेचा एक बुडबुडा बाहेर पडेल आणि नेमके तेवढेच पाणी आत जाईल. अरुंद तोंडाची बाटली पाण्यात बुडवून भरताना ती गुडगुड करते, तेही याच देवाणघेवाणीमुळे. आतले बाहेर आल्याशिवाय बाहेरचे आत जात नाही.

यावर कोणी विचारील, की जोर लावला तर? पेला आणखी खोल दाबला तर थोडे तरी पाणी शिरेलच की! शिरते, हे खरे आहे. किती ते हिशेब करून पाहा. हवेचा नेहमीचा दाब म्हणजे सुमारे १० मीटर उंचीच्या पाण्याच्या स्तंभाचा दाब. आपण पेला ३० सेंटिमीटर खोल नेला, तर दाब सुमारे ३ टक्के वाढला. बॉईलच्या नियमाप्रमाणे आतल्या हवेचे आकारमान जवळजवळ ३ टक्क्यांनी कमी झाले. पेला १० सेंटिमीटर उंच असेल, तर पाणी आत चढले फक्त ३ मिलिमीटर. पेला निम्मा भरायचा तर त्याला १० मीटर खोल न्यावे लागेल. म्हणजे एखाद्या चांगल्या खोल विहिरीचा तळ गाठावा लागेल. आणि एवढे करून तो वर आणला, की हवा पुन्हा फुगून पूर्ववत होते आणि शिरलेले सारे पाणी निघून जाते. परीक्षेच्या आदल्या रात्रीच्या पाठांतराचे जे होते ते याहून फार वेगळे नाही. दाब असतो तोवर पाणी असते.

दाबाऐवजी बुडबुडा बाहेर काढण्याचा प्रयत्न केला तर किती फरक पडतो, हे अलीकडे मोजूनही पाहिले गेले आहे. अमेरिकेतील हार्वर्ड विद्यापीठात एरिक माझूर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००४ मध्ये एक अभ्यास प्रसिद्ध केला. भौतिकीच्या वर्गातील प्रात्यक्षिके काही विद्यार्थ्यांना दाखवलीच नाहीत, काहींना नुसती दाखवली, काहींकडून 'आता काय होईल' याचे उत्तर आधी मागून घेतले आणि मग दाखवली, तर काहींना याशिवाय आपापसांत चर्चाही करू दिली. पुढे त्यावर प्रश्न विचारले तेव्हा असे दिसले, की नुसते पाहणाऱ्यांना 'असे का झाले' हे सांगणे, न पाहणाऱ्यांपेक्षा फारसे चांगले जमत नव्हते! आधी उत्तर दिलेले विद्यार्थी मात्र स्पष्टपणे पुढे होते, आणि त्यासाठी वर्गाचा वेळही थोडाच जास्त लागला होता. माझूर यांच्या गटाच्या २०१३ च्या अभ्यासात तर याहून नवलाची गोष्ट आढळली. काही विद्यार्थी प्रात्यक्षिकात डोळ्यांसमोर जे घडले तेच चुकीचे नोंदवत होते. मनातली समजूत डोळ्यांवरही मात करते ती अशी. शिक्षकांनी झगमगीत प्रात्यक्षिके दाखवली की काम झाले, असे मानणाऱ्या आम्हा मंडळींनी हे नीट लक्षात ठेवण्यासारखे आहे.

आता ज्याला ऐकणे खरोखर साधले होते अशा एका मुलाविषयी सांगतो. मायकेल फॅरडे हे नाव तुम्हाला विद्युत्‌चुंबकीय प्रवर्तनाच्या धड्यामुळे माहीत आहे. त्याचा जन्म १७९१ सालचा. वडील लोहार. लिहिणे, वाचणे आणि बेताचे अंकगणित, एवढेच त्याचे शालेय शिक्षण. चौदाव्या वर्षी, १८०५ मध्ये, तो लंडनमध्ये रिबो नावाच्या पुस्तक बांधणाऱ्याकडे सात वर्षांच्या उमेदवारीवर लागला. बांधायला आलेली पुस्तके तो वाचीत असे. त्यांत जेन मार्सेट या बाईंनी लिहिलेले रसायनशास्त्रावरील संवादरूप पुस्तक होते. मायकेलने ते वाचले आणि त्यातली विधाने, परवडतील तेवढे लहानसहान प्रयोग करून, पडताळून पाहिली. ती खरी ठरली तेव्हा त्याचा त्या पुस्तकावर विश्वास बसला. पुढे थोर शास्त्रज्ञ झाल्यावरही फॅरडे या बाईंचे ऋण आदराने सांगत. आधी पडताळणी आणि मग विश्वास, हा क्रम नजरेआड करू नका. आज्ञाधारक मन आणि ग्रहणशील मन यांत मला जो फरक वाटतो तो इथे आहे. आज्ञाधारक मन सांगितलेले ठेवून घेते. ग्रहणशील मन ते हातात घेऊन उलटसुलट करून पाहते.

लंडनमध्ये तेव्हा टॅटम नावाचे एक चांदीकाम करणारे गृहस्थ आपल्या घरी संध्याकाळी विज्ञानावर व्याख्याने देत. शुल्क एका व्याख्यानास एक शिलिंग. १८१० आणि १८११ या वर्षांत मायकेल तिथे जाऊ लागला. पैसे त्याचा थोरला भाऊ रॉबर्ट देई. टॅटम काही मोठे शास्त्रज्ञ नव्हते. पण शिकवणारा मोठा असला तरच आपण मन लावून ऐकू, अशी अट मायकेलने घातली नाही. त्याची टिपणे घेण्याची रीत त्याने स्वतःच पुढे सांगितली आहे आणि ती बारकाईने पाहण्यासारखी आहे. तो पुढच्या बाकावर बसे. शिवलेले कागद मांडीवर. व्याख्यान चालू असताना तो फक्त ठळक शब्द, एखादे महत्त्वाचे छोटे वाक्य, प्रयोगांची नावे, पदार्थांची नावे एवढेच टिपून घेई. घरी येऊन त्यावरून दुसरी, अधिक विस्तृत आणि सुवाच्य टिपणे करी. आणि त्यांच्या आधाराने मग सगळे व्याख्यान आपल्या शब्दांत पुन्हा लिहून काढी. म्हणजे एकच व्याख्यान तीनदा. उपकरणांच्या आकृत्या नीट काढता याव्यात म्हणून तो मास्केरिए नावाच्या चित्रकाराकडून चित्रकलाही शिकला. ही टिपणे त्याने स्वतःच्या हाताने चार खंडांत बांधली.

दुसऱ्या आणि तिसऱ्या लेखनात खरी मेख आहे. व्याख्याता बोलत असताना सगळे सुसंगत वाटते. घरी जाऊन आपल्या शब्दांत मांडू लागले, की दोन वाक्यांमधली फट दिसते: इथून तिथे कसे आलो बरे? ही फट म्हणजेच आपल्या आतल्या हवेची जागा. शिक्षकाचे वाक्य जसेच्या तसे उतरवले तर फट दिसत नाही. फळ्याचे मोबाईलवर छायाचित्र काढले तर ती दिसण्याची सुतराम शक्यता नाही, आणि दुसऱ्याच्या टिपणांची छायाप्रत काढली तर मग बोलायलाच नको.

१८१२ च्या वसंतात दुकानातल्या एका गिऱ्हाईकाने मायकेलला रॉयल इन्स्टिट्यूशनमधल्या हम्फ्री डेव्ही यांच्या चार व्याख्यानांची तिकिटे दिली. डेव्ही त्या काळातले नावाजलेले रसायनशास्त्रज्ञ. मायकेल वरच्या सज्जात घड्याळाच्या मागे बसून ऐकत होता. या व्याख्यानांतला एक विषय होता क्लोरीन, आणि तो साधा विषय नव्हता.

त्या वेळी रसायनशास्त्रात लाव्हाझिए यांचे मत सर्वमान्य होते. प्रत्येक आम्लात ऑक्सिजन असतोच, असे ते मत. 'ऑक्सिजन' या नावाचा अर्थच मुळी 'आम्ल उत्पन्न करणारा'. त्यामुळे ज्या हिरवट पिवळ्या वायूला आपण क्लोरीन म्हणतो तो म्युरिॲटिक आम्ल, म्हणजे आजचे हायड्रोक्लोरिक आम्ल, आणि ऑक्सिजन यांचे संयुग आहे असे सारे धरून चालले होते. डेव्ही यांनी विजेच्या घटमालेने पांढराशुभ्र तापवलेला कोळसा या वायूत ठेवून पाहिला. वायूत ऑक्सिजन असता तर कार्बनचे ऑक्साइड तयार झाले असते. ते झाले नाही. तेव्हा १८१० मध्ये त्यांनी जाहीर केले, की ज्याचे विघटन होत नाही त्याला मूलद्रव्य म्हणणेच योग्य. आणि त्याच्या रंगावरून त्यांनी त्याला 'क्लोरीन' हे नाव दिले. नामांकित रसायनशास्त्रज्ञांना हे वर्षानुवर्षे पचले नाही. त्यांचे पेले काठोकाठ भरलेले होते.

मायकेलने त्याच वर्षी बेंजामिन ॲबट या मित्राला पत्रे लिहायला सुरुवात केली. पहिल्याच पत्रात त्याने आपल्या घरगुती विद्युत्‌घटमालेचे वर्णन केले आहे: अर्ध्या पेनीची सात तांब्याची नाणी, तेवढ्याच जस्ताच्या चकत्या आणि मध्ये मिठाच्या पाण्यात भिजवलेला कागद. तिच्या साहाय्याने त्याने मॅग्नेशियम सल्फेटच्या द्रावणाचे विघटन केले. (आपल्याकडची हल्लीची नाणी बहुतेक स्टेनलेस स्टीलची असल्यामुळे हा प्रयोग करायचा तर तांब्याचा पत्रा शोधावा.) त्याच उन्हाळ्यात क्लोरीनचाही वाद निघाला. ॲबटला जुने मत सोडवेना. मायकेलने त्याला 'डेव्हीसाहेब म्हणतात म्हणून' असे उत्तर दिले नाही. एकेक प्रयोग घेऊन, त्यातून काय निघते आणि काय निघत नाही, हे त्याने लिहून कळवले. ऐकलेले स्वतःचे झाले की नाही याची ही कसोटी मला फार आवडते: न पटणाऱ्या मित्राला शिक्षकाचे नाव न घेता ते समजावून सांगता आले पाहिजे.

पुढची हकीगत सर्वश्रुत आहे. मायकेलने त्या चार व्याख्यानांची टिपणे आकृत्यांसह बांधून १८१२ च्या डिसेंबरात डेव्ही यांना पाठवली. त्यांनी त्याला भेटीला बोलावले खरे, पण पुस्तकबांधणीच सोडू नकोस असा सल्लाही दिला. १८१३ च्या मार्चमध्ये प्रयोगशाळेतील मदतनिसाची जागा रिकामी होताच ती मात्र त्यालाच मिळाली.

इथे शंकेविषयी दोन शब्द लिहिले पाहिजेत. आपल्या पुष्कळ वर्गांत 'सर, मला हे पटत नाही' असे म्हणणे उद्धटपणाचे मानले जाते. त्यामुळे वर्ग शांत असतो आणि शिक्षक समाधानी असतात. मला तरी शांत वर्गाची भीती वाटते. पाण्याखाली इतके पेले आहेत आणि एकही बुडबुडा नाही, म्हणजे काय समजायचे? उलट प्रत्येक शंका ग्रहणशीलतेची खूण असते, असेही नाही. शिक्षकांना अडकवण्यासाठी, किंवा आपण पुढचे प्रकरण वाचून आलो आहोत हे दाखवण्यासाठी विचारलेले प्रश्न ओळखू येतात. त्यात विचारणारा स्वतःचे काहीच पणाला लावत नाही. उपयोगाचा प्रश्न बहुधा असा असतो: "मला वाटत होते की अमुक होईल, आणि तुम्ही सांगता तमुक होते; माझे कुठे चुकते?" यात पहिला अर्धा भाग सांगायला धैर्य लागते. एकदा वर्गात मोठ्याने सांगून पाहा. बाजूच्या बाकावरचे चारजण तेच समजत होते असे आढळेल.

करून पाहण्यासारखी आणखी एक गोष्ट. उद्याच्या विज्ञानाच्या तासाला बसण्याआधी, ज्या धड्यावर तास आहे त्याचे नुसते शीर्षक वाचा आणि त्याविषयी स्वतःला जे वाटते ते चार ओळींत लिहा. धडा वाचू नका. 'बर्फ पाण्यावर का तरंगतो', 'दोन बल्ब एकसरीत जोडले तर पहिला जास्त उजळेल का', असे काहीही. तास संपल्यावर त्या ओळी पुन्हा वाचून जिथे फरक पडला तिथे खूण करा. एकही खूण करावी लागली नाही, तर एकतर तुम्हाला सगळे आधीच येत होते किंवा तुम्ही ऐकलेच नाही. यांतले कोणते, हे ॲबटसारखा एखादा मित्र गाठून तपासता येईल.

फॅरडे आणि डेव्ही यांचे पुढे नेहमीच गोड राहिले असे नाही. १८२४ च्या जानेवारीत फॅरडे रॉयल सोसायटीचे सदस्य म्हणून निवडून आले, ते डेव्ही यांचा विरोध असताना. आणि तेव्हा सोसायटीचे अध्यक्ष स्वतः डेव्हीच होते. तरी त्यांच्याकडून शिकलेल्या रसायनशास्त्राची किंमत फॅरडे यांच्या लेखी कमी झाली नाही. त्याच्या आदल्या वर्षी, १८२३ मध्ये, डेव्ही यांच्याच सूचनेवरून फॅरडे क्लोरीनचे स्फटिकरूप हायड्रेट एका बंद काचनळीत तापवत होते. डेव्ही यांचे स्नेही डॉ. पॅरिस त्या दिवशी प्रयोगशाळेत डोकावले. नळीत तेलासारखे काहीतरी दिसले, तेव्हा घाणेरड्या नळ्या वापरता म्हणून त्यांनी फॅरडे यांची थट्टा केली. फॅरडे यांनी नळीचे टोक कापले तेव्हा स्फोटासारखा आवाज होऊन ते 'तेल' नाहीसे झाले. दुसऱ्या दिवशी सकाळी पॅरिस यांना एक चिठ्ठी आली: काल पाहिलेले तेल म्हणजे द्रवरूप क्लोरीन होते. सज्जात बसून त्या वायूविषयी पहिल्यांदा ऐकले त्याला तेव्हा अकरा वर्षे झाली होती. त्या व्याख्यानांच्या टिपणांचा, पुस्तकबांधणीच्या उमेदवाराने स्वतः बांधलेला खंड लंडनच्या रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये जपून ठेवलेला आहे.